लाख माणसं आणि नसीमभाभींचं रोप

२६ जून. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची आहे. पाऊस धरला की माणसं आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, घाईला लागतात, दळण रोडावतं, म्हणून हे काम मी दर वर्षी याच आठवड्यात काढते. वरचा दगड साखळीनं उचलायचा, उलटा ठेवायचा आणि झिजून उथळ झालेल्या खाचा छिन्नीनं पुन्हा खोल करायच्या. पूर्वी नसरापूरकडून टाकीवाला यायचा. तो थकला, यायचा थांबला, तेव्हा मी त्याच्याकडूनच शिकून घेतलं. विंझरमध्ये बाईनं गिरणी चालवण्याचं आता कुणाला काही वाटत नाही. दगडाला टाकी लावताना मात्र येणारे-जाणारे अजून थांबून बघतात.

आज दत्ता थांबला. वेल्ह्याच्या एका बेंजो पार्टीचा हा मालक, पस्तिशीचा, एरवी बोलायला कमी नाही. आज गिरणीच्या दारात नुसताच उभा राहिला.

"दळाण कुठाय?" मी विचारलं.

"दळाण न्हाई आनलं, मालनकाकू."

"मग बाजूला हो. कपची डोळ्यात जाईल."

बाजूला झाला, पण गेला नाही. मग निघालं. ज्या अॅपवर तो पार्टीचे व्हिडिओ टाकतो, ते अॅप बंद होणार अशी आवई उठली आहे. खरी का खोटी कुणाला माहीत नाही. पण गणपतीच्या सगळ्या सुपाऱ्या त्याला तिथूनच आलेल्या.

"कुणाकुणाच्या आहेत?" मी विचारलं.

"हायेत की. फोनात हायेत."

"फोनात का अॅपात?"

त्यानं फोन काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. मी छिन्नी खाली ठेवली. हे मला ओळखीचं होतं. त्या वर्षी आमच्या आळीतल्या नऊजणी अशाच फोन चाचपत बसल्या होत्या.

"तुमचं गेलं व्हतं तवा तुमी काय केलं?" त्यानं विचारलं.

"सांगते. आधी ह्या साखळीला हात लाव."

ते वर्ष लॉकडाऊनचं. त्या उन्हाळ्याचं म्हणून मला पहिल्यांदा आठवतं ते आवाज नसणं. वेल्ह्याला जाणारी एसटी बंद. नसरापूरच्या पलीकडचा हायवे मुका. गिरणी मात्र चालू होती, कारण पीठ लागतंच. दारासमोर मी चुन्यानं गोल काढले होते, एकेका गोलात एकेक डबा आणि डब्यामागे तोंडाला पदर बांधलेली बाई. भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, त्या राबाचा वास सगळ्या खोऱ्यात भरलेला. फणस झाडावर पिकून फुटत होते, ते विकायला न्यायचे कुठं? माणसं एकमेकांना दारोदार वाटत होती, आणि फणसाला नको म्हणणारं एकही घर राहिलं नव्हतं.

आणि प्रत्येकीच्या हातात फोन होता.

आमची कथा त्याच्या आदल्या आवणीत सुरू झाली होती. आमच्याकडे आवणीला वारंगुळा असतो. आज सगळ्याजणी तुझ्या भातखाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. नऊजणी रांगेत वाकायचं, डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हातानं लावत लावत मागं सरकायचं. गाणं त्यासाठीच असतं. गाण्यानं सगळ्यांचे हात एका वेगानं चालतात, कोणी पुढं पळत नाही, कोणी मागं राहत नाही. म्होरकीण गजराआत्या. साठी कधीच ओलांडलेली, अंगानं काटकुळी, आवाज असा की मधला ओढा ओलांडून पलीकडच्या खाचरात जावा.

त्या म्हणतात,

पानी भरलं खाचरी गं, रोप लागलं रांगंला,
कोन घरची मालकीन गं, भाकर घिऊन आली बांधाला?

आणि ज्या घरचं रान असेल, त्या बाईचं नाव घेऊन आम्ही उत्तर देतो. सुमनबाई मालकीन गं, भाकर घिऊन आली बांधाला. ते नाव ऐकायला सुमनबाई खरोखर बांधावर आलेली असते, डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, सुकटाची चटणी. नाव घेतलं, भाकर खाल्ली, की त्या घरचा दिवस पोचला. ह्याला लिखापढी लागत नाही. नऊजणी साक्षीला असतात.

मी स्वतः गात नाही. गिरणीच्या धुरळ्यानं माझा आवाज पार बसलेला आहे, मी नुसती उत्तराला सूर मिळवते. म्हणून फोन माझ्या हातात आला. पुण्याला नर्सिंग करणाऱ्या माझ्या मुलीनं, पल्लवीनं, छोट्या व्हिडिओंचं ते अॅप माझ्या फोनात टाकून दिलं होतं. बांधावरून मी आत्यांचं गाणं घेतलं आणि टाकलं. पंधरा सेकंदात मावलं तेवढंच गेलं. "कोन घरची मालकीन गं" इथं तुटलं.

तेच लोकांनी उचललं. कोण मालकीण? सांगा की कोण? खाली नुसती विचारणा. दिवाळीपर्यंत लाखाच्या वर माणसं आमच्या मागे. कुणी ट्रॅक्टरवर बसून ते गाणं लावतंय, कुणी नवरीला मिरवताना लावतंय. माझी जाऊ शेवंता भोरच्या बाजारात गेली तर भाजीवाल्यानं ओळखलं. शेवंता आठवडाभर नवं लुगडं सोडेना.

गजराआत्यांना मात्र ते पटलं नव्हतं. फोन बघून म्हणाल्या, "निम्मंच हाय की गं ह्ये. निम्मं खाचर लावून बांधावर बसायचं का?"

"आत्या, तेवढंच मावतं त्यात," मी म्हणाले.

"मग भांडं बारकं हाय. गानं न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. त्या बरोबर बोलत होत्या हे कळायला मला मे महिना उजाडला.

गिरणी चालवणाऱ्या माणसाला एक खोड असते. चालू पट्टा कितीही धडधाकट असो, दुसरा खुंटीला टांगलेला असलाच पाहिजे. सणाच्या आदल्या दिवशी पट्टा तुटला आणि दुसरा नसला, तर अख्खं गाव पुरणाशिवाय बसतं. मे महिन्यात गोलात उभ्या माणसांच्या बोलण्यात येऊ लागलं, सरहद्दीवर काहीतरी चाललंय, ते अॅप परदेशी आहे, ते जाईल. कुणी म्हणे जाणार, कुणी म्हणे सरकारला दुसरी कामं नाहीत का. मी त्या वादात पडले नाही. दुपारी वीज गेली तेव्हा पाटावर बसले आणि विचार केला, ते उद्या सकाळी गेलं तर आमच्याकडे काय उरेल?

फोन उघडून बघितलं. लाखावर माणसं. नावं बघावीत तर कुणी राजे, कुणी किंग, कुणी नुसते आकडे. एकाचंही गाव ठाऊक नाही. एकालाही हाक मारता येणार नाही. आमचं पूर्ण गाणंसुद्धा कुठं नाही, सगळे तुकडे. तेही आमच्याकडे नाहीत, अॅपात आहेत. मला चक्क राग आला, तोही स्वतःचा. एका पट्ट्यावर गिरणी चालवत होते मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्यांच्या अंगणात भाताचं बी निवडत होतो. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, पोकळ वर तरंगतं, भरीव खाली बसतं. पोकळ काढून टाकायचं. नऊजणी लांब लांब बसलेल्या. मी म्हटलं, हे अॅप जाईल असं धरून चालू. आतापासून ऐकणाऱ्यांना सांगू, तुमचं नाव, गाव, फोन नंबर कळवा, पुढच्या गाण्यात मालकीण म्हणून तुमचं नाव घेऊ. नाव ऐकायला कोण नंबर देणार नाही?

शेवंता लगेच तयार. "माज्याकडं दे गं, म्या घेती नावं. पुन्याच्या बाया तर उड्या मारत्याल."

गजराआत्यांनी पाण्यातून हात काढला. मग म्हणाल्या, "म्या न्हाई घेनार."

"का?"

"तिच्या खाचरात माजा पाय लागला का? तिची भाकर खाल्ली का म्या? मग नाव कशाचं घिऊ?"

"आत्या, नुसतं गाणं आहे ते."

"तुला नुसतं आसंल. माज्या सासूनं मला शिकवताना पयलं ह्येच सांगितलं. लावनी न करता नाव घेतलं तर ती खोटी साक्ष."

मी समजावलं. दिवस कमी आहेत म्हटलं, लाख माणसं जातील म्हटलं. आत्या तरंगलेलं बी मुठीनं काढत राहिल्या.

मग मी चूक केली. आत्यांना न सांगता, दोन दिवसांनी, शेवंताकडून म्हणवून घेतलं. पुण्याच्या एका बाईनं हौसेनं नाव कळवलं होतं. अन्वेषा. ते चालीत बसेना. शेवंतानं "अन्वेषाबाई मालकीन गं" तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा ठेचकाळली. चौथ्यांदा "अनूबाई" करून ढकललं. ठणठणीत कोरड्या अंगणात, एका मुठीला हात न लावता, भाकरीचं गाणं. मी ते टाकलं.

आत्यांनी कुणाच्या तरी फोनवर ऐकलं. गिरणीला यायच्या थांबल्या. चार दिवस त्यांच्या घरातून पहाटे जात्याची घरघर येत होती. सगळी आळी ऐकत होती आणि सगळी आळी माझ्याकडे बघत होती. गिरणीवालीला ह्याहून मोठी शिवी नाही.

पाचव्या दिवशी मी गेले. क्षमा वगैरे मला मागता येत नाही. म्हटलं, "तो व्हिडिओ मी काढून टाकला. जातं थांबवा आता, खांदा धरेल."

आत्यांनी खुंटा सोडला. "बस." मग जात्याभोवतीचं पीठ गोळा करत म्हणाल्या, "मालन, तुला मानसं पायजेत ना? मग वारंगुळा कर की."

"फोनवर कसला वारंगुळा?"

"जी ऐकती तिला म्हनावं, तू तुज्या रानातलं येक गानं धाड. काम करताना म्हनतीस त्ये. आख्खं. त्यो तिचा दिस झाला. तिचा दिस आला की मग म्या नाव घेती. पन मग तिचा दिस माज्यावर ऱ्हातो. हाक मारली तर जावं लागंल. हाय कबूल?"

मला त्या वेळी तेवढं दूरचं दिसलं नाही. मला फक्त हे दिसलं, की आत्या तयार झाल्या. हो म्हणून टाकलं.

आणि मग जे सुरू झालं, तो उन्हाळा मी विसरणार नाही. आमच्यातल्या बाया अनोळखी लोकांना स्वतःचा नंबर द्यायला तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. म्हणून गिरणीसाठी व्हॉट्सअॅप चालणारा एक बटणाचा फोन घेतला, त्याचा नंबर पाटीवर लिहून दाखवला. पहिली पाटी मी समोरच्या कॅमेऱ्यानं घेतली, त्यात सगळी अक्षरं उलटी. दोन दिवस लोक विचारत होते, ही कोणती भाषा? दुसरी पाटी सरळ गेली.

लाखातून गाणी किती आली असतील? शंभराच्या थोडी पुढं. शेवंता हिरमुसली. मी नाही. पोकळ वर आलं आणि भरीव खाली बसलं, एवढंच.

भाटघरच्या एका म्हातारीनं धरणाच्या कडेला शेरडं राखताना म्हणायचं गाणं पाठवलं, मध्ये मध्ये शेरडांना हाका आणि शिव्या तशाच. घाटाखालच्या कोकणातून नाचणी लावतानाचं आलं. त्या अन्वेषाबाईंनीही पाठवलं. त्यांना शेत नाही. त्या चौथ्या मजल्यावर कपडे वाळत घालताना आईचं एक गाणं म्हणतात, ते. चालेल का, म्हणून विचारलं होतं. आत्यांनी ऐकलं, विचार केला. "कापडं बी रांगंतच घालत्यात. चालंल." अनूबाई हे नाव त्यांनी स्वतःच कबूल केलं.

कामथडीहून नसीमभाभींचं आलं. त्यांचे यजमान टेम्पो चालवतात, हायवेपासून आत त्यांची दोन खाचरं आहेत. रोप उपटताना म्हणायचं गाणं, त्यांच्या आईचं. आत्या ते ऐकताना उठून उभ्या राहिल्या. "ही चाल माज्या आयकडं व्हती. म्या इसरली व्हती." पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी बरोबरीनं म्हणाल्या. मग नाव घेतलं. नसीमबाई मालकीन गं. नाव असं चपखल बसलं की शेवंता म्हणाली, "गानं रचनारीनं हिच्यासाठीच जागा ठिवली व्हती."

प्रत्येकीचं नाव, गाव, नंबर मी वहीत लिहिला, आणि तिच्या गाण्याचे शब्द पूर्ण. आमची गाणी अख्खी रेकॉर्ड केली, तुकडे नाहीत. त्याची तीन मेमरी कार्डं केली. एक गिरणीत, एक पल्लवीकडे, एक शेवंताकडे. शेवंतानं ते मसाल्याच्या डब्यात ठेवलं. का, तर मसाल्याचा डबा ती रोज बघते. मला हे कारण पटलं.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं आडवी, टॉवर बंद. तीन दिवस कुणाच्या फोनात काही नाही. आळीतल्या बाया गिरणीच्या ओसरीवर बसून होत्या. आत्या म्हणाल्या, "वाच गं त्यातलं कायतरी." मी वही उघडली. त्या तीन दिवसांत आम्ही कोकणातलं गाणं बसवलं आणि भाटघरच्या म्हातारीचं, शेरडांच्या शिव्यांसकट. अॅप नसलं म्हणजे काय असतं, ते आम्हाला ते जायच्या आधीच कळलं. त्यानंतर कुणी मला "कशाला एवढी धावपळ" म्हटलं नाही.

जूनच्या अखेरीला बातमी आली. बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते कसंबसं उघडत होतं, मग एक सूचना यायला लागली आणि संपलं. शेवंता ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा बोट लावत होती.

"लाखभर मानसं येका दिसात गेली गं. मेली का काय?"

"मेली न्हाईत," आत्या म्हणाल्या. "ती तुला वळखतच न्हवती."

"तुमाला वळखत व्हती व्हय?"

"मला बी न्हाई. म्हनून तर म्या रडत न्हाई."

सगळ्या हसल्या, पण लगेच थांबल्या. खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही धीर नव्हता. वही होती, कार्डं होती. पण वहीतली शंभर नावं ही माणसं आहेत, का तीही नुसती अक्षरं? आम्हाला कुणी शोधेल, का तोंड फिरवून दुसऱ्या करमणुकीला लागेल? आम्ही नऊजणींनी वर्षभर जे केलं ते अॅपाचं होतं का आमचं होतं, हे आता कळणार होतं. बटणाचा फोन पिठाच्या डब्यावर ठेवलेला. मी दळण करत होते आणि प्रत्येक डबा रिकामा झाला की त्याच्याकडे बघत होते. एक वाजला, दोन वाजले, तीन. एकीनंही फोन केला नाही.

चारच्या पुढं वाजला.

"मालनताई, कामथडीवरनं नसीम बोलती."

"बोला भाभी. बंद झालं बघा."

"व्हय, बघितलं. पन म्या गान्यासाठी फोन न्हाई केला." मग मुद्द्यावर आल्या. "रोप विहिरीच्या पान्यावर लवकर टाकलं व्हतं. आता हातभर झालंय, पिवळं पडाय लागलंय. लावनीच्या बाया ज्या गावच्या, ते गावच बंद केलंय, कुनी येईना. ह्यांच्या पाठीचं दुखनं, सासूबाईंना वाकवत न्हाई. दोन-तीन दिसांत न्हाई लागलं तर गेलं म्हनायचं." मग एकदम हसत म्हणाल्या, "गजराआत्यांना इचारा, माजा येक दिस येनं हाय ना?"

हसत म्हणाल्या, पण ते हसण्यातलं नव्हतं. दोन खाचरं म्हणजे त्या घरचं वर्षाचं भात.

मी फोन ठेवला आणि ओसरीवर येऊन सांगितलं. शेवंता म्हणाली, "आगं पन फोनातली बाई ती! आपली रोपं तोंडावर आल्यात. लोकांच्या रानात कुठं जायचं इतक्या लांब?" दुसरी म्हणाली, नाक्यावर सोडतील का. तिसरी म्हणाली, रोगाचे दिवस आहेत. प्रत्येकीचं म्हणणं खरं होतं. मी कुणालाच खोडलं नाही. माझं लक्ष आत्यांकडे होतं.

आत्यांनी सुपातलं धान्य डब्यात ओतलं, सूप झटकलं. "किती वाजता निगायचं?"

"आत्या, आवो—" शेवंता म्हणाली.

"तिनं दिस दिला, म्या नाव घेतलं. आता लावनी ऱ्हायली. तुमी न्हाई आला तर म्या येकली जाईन. दोन खाचरांना मला आठ दिस लागत्याल, तवर तिचं रोप वाळंल. तेवडं तिला तुमीच कळवा म्हंजी झालं."

मग शेवंता उठली. "डबं भरायचं का तिची भाकर खायची?"

"तिची," आत्या म्हणाल्या. "न्हाईतर पोचतंय कुठं?"

हे सगळं मी दत्ताला सांगितलं, पण इतकं लांबवून नाही. तो साखळी धरून उभा होता आणि दगडाचं काम राहिलं होतं. मी म्हटलं, आता इथं बस आणि गेल्या दोन वर्षांत ज्यांनी तुम्हाला बोलावलं त्यांची नावं लिही. गावासकट. चार नावं लिहून झाल्यावर पेन थांबलं. मी म्हटलं, हीच तुझी पार्टी. चार घरं. बाकीची गोळा करायला अजून दिवस आहेत, आज संध्याकाळपासून लाग. जिथं वाजवशील तिथं निघण्याआधी नाव-नंबर घे, स्वतःच्या हातानं लिहून घे. जी वाजवतोस ती गाणी अख्खी जपून ठेव, एकाच ठिकाणी ठेवू नको. आणि त्यांच्याकडून काहीतरी माग.

"काय मागू?"

"ते तुला कळलं पाहिजे. आम्ही गाणी मागितली."

तो गेला तेव्हा हातातला कागद घडी घालून खिशात ठेवत होता. टाकेल का जपेल, माहीत नाही.

आम्ही आता दुसऱ्या अॅपांवर आहोत. दोन आहेत, उद्या तीन असतील. त्यावर माणसं येतात, जातात, मी त्यांना वाईट म्हणत नाही. बाजारात दुकान लावावं तसं ते. पण वहीतली नावं आता चारशेच्या घरात आहेत आणि प्रत्येक नावामागे एक गाणं आहे. भाटघरची म्हातारी गेली, तिचं गाणं तिच्या नातीला आम्ही परत शिकवलं. अन्वेषाबाई दर आवणीला दोन दिवस रजा काढून येतात, रांग वाकडी लावतात, आत्या त्यांच्यामागून नीट करत जातात आणि नाव मात्र ठासून घेतात. गेल्या वर्षी कार्यक्रमाला बोलावलं होतं, मोठा मंडप, मोठे पाहुणे. निवेदकानं विचारलं, तुमचे किती फॉलोअर? आत्यांनी मला विचारलं, काय म्हनतो? मी अर्थ सांगितला. आत्यांनी माईक जवळ घेऊन सांगितलं, "मोजलं न्हाई. पन लावनीला कोन कोन येतंय त्ये सांगती," आणि एकेक नाव गावासकट सांगायला लागल्या. पंचेचाळीसाव्या नावाला निवेदकानं हात जोडले. मी खाली बसले होते. ताठ बसले होते, हे शेवंतानं नंतर सांगितलं.

ह्याचा मला गर्व आहे आणि तो मी झाकत नाही. नऊ बायांनी, त्यातल्या सहा अंगठा लावणाऱ्या, कुणालाही न विचारता हे उभं केलं. आणि ते उभं राहिलं का नाही, हे ज्या दिवशी अॅप बंद झालं तेव्हा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

सकाळी पाचला मी गिरणीच्या दारावर खडूनं "आज दळण नाही" लिहिलं आणि कुलूप लावलं. नसीमभाभींच्या यजमानांचा टेम्पो आळीच्या तोंडाशी आला होता. नऊजणी मागं बसलो, प्लॅस्टिकच्या खोळी डोक्यावर, तोंडाला पदर. पावसाची झड चालू. हायवेच्या फाट्यावर पोलिसानं अडवलं, कुठं निघालात म्हणून विचारलं. मी उतरून शेतीच्या कामाचं सांगितलं. तो माझ्याकडे, मग मागच्या आठजणींच्या चिखलाच्या लुगड्यांकडे बघून म्हणाला, "जावा. पन लांब लांब वाका." सात वाजायच्या आत आम्ही कामथडीत होतो. भाभी रोपाच्या कडेला उभ्या होत्या, रात्रीपासून एकटीनं उपटून ठेवलेल्या मुठींचा ढीग पायाशी. फोनवर इतक्या वेळा बोललेली बाई, पण समोरासमोर आल्यावर काय बोलायचं हे आम्हा दोघींनाही सुचेना. आत्यांनी ते सोपं केलं. पदर खोचला, खाचरात उतरल्या आणि पाण्यातून मागं वळून म्हणाल्या, "पोरींनो, वर काय बगताय? रोप वाळतंय." मी चपला बांधावर काढल्या, एका मुठीची गाठ सोडली आणि कडेची रांग धरली.